स्वच्छ प्रत

४ फेब्रुवारी

तासाभराच्या बोलण्याची खरी किंमत आज मांडून पाहिली. बोलणाऱ्याला तासच लागतो. ते ऐकून कागदावर उतरवणाऱ्याला लागतात साडेचार तास, आवाज थांबवायच्या-चालवायच्या पायपेडलावर हजारभर दाब, तीन कप चहा, एक आखडलेली मान आणि शेवटी घरच्यांवर काढायचा राग. गिऱ्हाइकाला वाटतं, ऐकलं आणि लिहिलं. ऐकणं एवढं सोपं असतं तर कोर्टं ओस पडली असती.

हे आज सुचलं, कारण मोठं काम आलंय. वर्षभरातलं पहिलं. शिक्षक व्हायला शिकणाऱ्या मुलामुलींच्या चाळीस मुलाखती. मुलं शेवटच्या वर्षी अचानक कॉलेज का सोडतात, वर्गापुढे उभं राहिल्यावर आत काय होतं, भीती कशी येते, झोप कधी उडते, आणि या सगळ्याचे काही ठरावीक साचे असतात का, हे एका संस्थेला शोधायचंय. नावं नाहीत, नुसते नंबर. आम्ही गुप्ततेच्या कागदावर सह्या केल्या. त्याच कागदात एक बरं कलम आहे : मुलाखतीत कुणी अडचणीत आढळलं तर संस्था त्याला ताबडतोब समुपदेशकाकडे नेईल.

कामाबरोबर सहा पानी सूचना आल्यात. आम्हाला शिकवतात! पान चारवर लिहिलंय, बोलणारा थांबला तर किती सेकंद थांबला ते कंसात नोंदवा, हसला तर हसला, आवंढा गिळला तर तसं. उद्या जांभई मोजायला सांगतील. मी सूनबाईला म्हटलं, "पान चार विसर. नेहमीसारखी स्वच्छ प्रत."

ती म्हणाली, "बाबा, त्यांनी खाली रेघ मारलीय."

"रेघ मारायला काय जातं? टाइप आपल्याला करायचंय."

१० फेब्रुवारी

पहिल्या दहा मुलाखती मी स्वतः उतरवल्या. नमुना म्हणून. बाकीच्या सूनबाई, ऑफिसातल्या मावशी आणि तो एक मुका टायपिस्ट (मुका नाही, पगारवाढीखेरीज बोलत नाही) यांच्यात वाटल्या. माझ्या दहांत कुणी चूक काढून दाखवावी. 'म्हणजे', 'अं', 'तसं बघायला गेलं तर' हा सगळा पालापाचोळा साफ. प्रश्न, उत्तर, प्रश्न, उत्तर. वाचताना डोळा कुठे ठेचकाळत नाही.

ही विद्या मी कोर्टाच्या फाटकाबाहेर शिकलो. एकोणिसाव्या वर्षी, उसन्या टाइपरायटरवर. एक बाई अर्ज सांगता सांगता रडायला लागली. मी नवखा, मीही हळवा, अर्जात लिहून बसलो की अर्जदार येथे रडली. साहेबांनी अर्ज परत पाठवला आणि फाटकावरचा म्हातारा टायपिस्ट मला म्हणाला, "पोरा, अर्जात रडणं टाइप करत नाहीत. कागद ओला होतो." त्या दिवसापासून नाही केलं. त्यावर दोन खोल्यांचं ऑफिस उभं राहिलं, खाली औषधाचं दुकान, वर आम्ही.

आज त्या दुकानात एक गृहस्थ खोकल्याचं औषध मागत होते. मी पाठीमागून म्हटलं, "तुम्ही नऊ वर्षांपूर्वी गोदामाच्या आगीच्या चौकशीत साक्ष दिली होती." माणूस चाट पडला. एकदा माझ्या हेडफोनातून गेलेला आवाज मी विसरत नाही. बावीस वर्षांत एकही नाही.

घरी सांगितलं तर ही म्हणाली, "आवाज ओळखलात, बरं झालं. साक्षीत काय म्हणाले होते?"

ते कोण लक्षात ठेवतो?

२१ फेब्रुवारी

एकतीस नंबर. मावशींनी उतरवलेली, मी तपासायला ऐकली. मुलगी. आवाज नितळ, भराभर बोलणारा. सगळं छान, सगळं मजेत, सराव पाठ छान, वसतिगृह छान. मग मुलाखत घेणारा विचारतो, "झोप लागते का नीट?"

अकरा सेकंद काही नाही. मी घड्याळ लावून मोजले. मागे पंखा फिरतोय तेवढाच. मग ती हसते, छोटंसं, आणि म्हणते, "हो, लागते की."

मी दोनदा ऐकलं. माझ्या कानाला असले अकरा सेकंद बरोबर कळतात. ही मुलगी झोपत नाही. आणि घेणारा पोरगा काय करतो? पुढचा प्रश्न! "आवडता विषय कोणता?" त्याच्या कानाखाली एक आवडता विषय काढावासा वाटला.

प्रत निर्दोष होती. सही केली. मावशींना म्हटलं, "या मुलीचं काही खरं नाही हो."

मावशी म्हणाल्या, "मला तर बोर झाली. सगळं छान, छान."

जाऊ दे. कलम आहे ना कागदात. मोठ्या बाई (संस्थेत सगळे मुख्य संशोधकांना असंच म्हणतात) शिकलेल्या आहेत, मानसशास्त्रात पदव्यांची माळ आहे. त्यांना कळेलच.

१२ मार्च

नाही कळलं!

चाळीसही प्रती मार्चच्या सुरुवातीला पोचल्या आणि आज त्यांचा कच्चा अहवाल आमच्याकडेच टाइप करायला आला. तक्ता क्रमांक दोन. एकतीस नंबरपुढे लिहिलंय : भावनिक समायोजन, अत्युत्तम. गटातील सर्वांत सकारात्मक व्यक्ती. पाठपुराव्याची आवश्यकता नाही.

आवश्यकता नाही!

हे ठरवलं कसं, तेही लिहिलंय. संगणकाला चाळीस प्रती खायला घातल्या आणि त्याने गोड शब्द आणि कडू शब्द मोजले. 'छान' एक गुण, 'मजा' एक गुण, 'ठीक' अर्धा गुण. एकतीस नंबरने 'ठीक' चौदा वेळा म्हटलंय, म्हणून सात गुण. अरे, माझी बायको 'ठीक आहे' म्हणते तेव्हा मी चपला घालून अर्धा तास बाहेर फिरून येतो. आणि हे तिला अर्धा गुण देतात!

पोरगी न झोपता बसलीय आणि हे तिला पहिला नंबर देतायत. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. कानाने ऐकायची गोष्ट डोळ्याने वाचली, आणि डोळ्याने वाचायची ती यंत्राकडून मोजून घेतली. या सगळ्यांत कुणी ऐकलं का? नाही.

१३ मार्च

फोन केला. सहायकाने घेतला. "काका, तुम्ही अहवाल फक्त टाइप करायचाय."

'काका' म्हणजे 'तुम्हाला काही कळत नाही', सभ्य भाषेत.

मी म्हटलं, "बाळा, एकतीस नंबरची मुलाखत तू कानांनी ऐकलीस का?"

"ती दुसऱ्या सहकाऱ्याने घेतली होती. आता तो नोकरी सोडून गेला. आम्ही प्रतींवर काम करतो, काका. चाळीस तास ऐकायला वेळ कुणाला आहे?"

"मला होता!"

"तुम्हाला त्याचे पैसे मिळाले ना?"

फोन मी आपटला असता, पण हल्लीचे फोन आपटले तर आपलंच नुकसान.

१५ मार्च

संस्थेत जाऊन आलो. गुळगुळीत फरशी, कुंड्या, भिंतीवर माणूसभर उंचीचं पोस्टर : 'मनातलं बोला, आम्ही ऐकतोय.' त्याच्या बरोब्बर खाली बसलेल्या बाई म्हणाल्या, "भेटायचं असेल तर अर्ज करा. दोन प्रतींत. कारण थोडक्यात लिहा."

मी कारण लिहिलं : एक मुलगी.

त्या म्हणाल्या, "एवढं थोडक्यात नको."

दीड तास बसलो. मग कळलं, मोठ्या बाई भावनिक संवादावर भाषण द्यायला बाहेर गेल्यात. सोमवारी या.

परत आलो तर मावशी विचारतात, "कशाला डोकं फोडून घेताय? पोरगी तुमच्या नात्यातली आहे का?"

नात्यातली नाही. नाव माहीत नाही, चेहरा माहीत नाही. पण अकरा सेकंद मी तिच्याबरोबर एकटा होतो. त्या पंख्याखाली आणखी कुणीच नव्हतं. आता गप्प बसलो आणि उद्या काही वेडंवाकडं झालं, तर तक्त्यावर 'अत्युत्तम' टाइप करणारी बोटं माझी.

अहवाल अडवून ठेवलाय. तक्ता दोन टाइप करणार नाही. काम गेलं तर गेलं. सूनबाईचं तोंड उतरलं. पुढच्या महिन्याचं काम याच संस्थेकडून यायचंय, ते तिलाही माहीत आहे.

१६ मार्च

रविवार. जेवताना ही म्हणाली, "माझ्या वर्गात एक मुलगी होती, आठवते? जिला मी वर्षभर शहाणी, शहाणी म्हणायचे. कधी गडबड नाही, कधी मध्ये बोलणं नाही. इतर मुलांना सांगायचे, हिच्याकडून शिका. शेवटी डॉक्टर तपासायला आले तेव्हा कळलं, तिला एका कानाने मुळीच ऐकू येत नव्हतं."

"मग? तुझी काय चूक त्यात?"

"मी कुठे चूक म्हटलं? मला आठवली, इतकंच."

बत्तीस वर्षं लहान मुलांना शिकवून ही निवृत्त झाली. अशा गोष्टी मध्येच काढते. मी म्हटलं, "म्हणूनच सांगतोय, या शिकलेल्या लोकांना माणूस समोर असून कळत नाही." ती म्हणाली, "ठीक आहे."

फिरून आलो.

१७ मार्च

आजचं जसं झालं तसं लिहितो. मनात आलं होतं, लिहू नये.

मोठ्या बाईंच्या खोलीत मी वाघासारखा गेलो. पंचेचाळिशीच्या असतील, केस पांढरे ठेवलेले, टेबलावर कागदांचा डोंगर. सहायक कोपऱ्यात. मी बसायच्या आधीच सुरुवात केली. म्हटलं, "बाई, तुमच्या यंत्राला अर्धा गुण द्यायची अक्कल आहे, पण माणूस गप्प झाला तर त्याला काय द्यायचं हे ठाऊक नाही. त्या मुलीला झोपेचं विचारल्यावर ती अकरा सेकंद गप्प आहे, मग नुसती हसते. अकरा! आणि तुम्ही लिहिता, पाठपुराव्याची आवश्यकता नाही. भिंतीवर लिहिता, ऐकतोय. कोण ऐकतंय?"

सहायक म्हणाला, "काका, आवाज—"

"आवाज माझा मोठाच आहे. हळू आवाज तुम्हाला कुठे ऐकू येतो?"

मोठ्या बाईंनी त्याला हातानेच थांबवलं. चिडल्या नाहीत. डोंगरातून एक प्रत काढून माझ्यापुढे सरकवली. "एकतीस नंबर. यातले अकरा सेकंद मला दाखवा."

मी चष्मा लावला. पान सात.

प्रश्न : झोप नीट लागते का?
उत्तर : हो, लागते.

खाली कोपऱ्यात 'तपासले' आणि माझी सही.

"हसली म्हणालात," बाई म्हणाल्या. "कुठे?"

मी पान उलटून पाहिलं. का, कोण जाणे. मागे काय असणार?

त्यांनी दुसरा कागद काढला. सूचना, पान चार. रेघ मारलेली. त्या म्हणाल्या, "मी यंत्राला थांबे शिकवले होते. पाच सेकंदांच्या वरचा प्रत्येक थांबा ते मोजतं, त्याचे गुण वजा होतात. चाळीस मुलाखतींत एकही थांबा सापडला नाही. मला वाटलं, मुलं मोकळेपणाने बोलली. आम्हाला फार आनंद झाला होता. ऐकून बघायला हवं होतं, ती चूक माझी. पण हे कुणी पुसलं?"

मला बोलता आलं नाही. किती सेकंद, ते मोजले नाहीत.

मग जे सुचलं ते बोललो. म्हटलं, "आमच्या ऑफिसची पद्धत आहे."

"तुमच्या पद्धतीने चाळीस मुलं खूश झाली," त्या म्हणाल्या. सहायकाला म्हणाल्या, "नव्या प्रतींची वाट बघायची नाही. तिघांत वाटून घ्या आणि चाळीसही आजपासून कानांनी ऐका. एकतीस नंबरला आज संध्याकाळच्या आत भेटायचं." आणि मला म्हणाल्या, "नव्या प्रती कधी देता?"

१८ मार्च

ऑफिसात सगळ्यांना सांगितलं. मावशी म्हणाल्या, "म्हणजे चोराच्या उलट्या बोंबा झाल्या की!" सूनबाईने त्यांना डोळ्यांनी दटावलं, पण हसू तिलाही आवरत नव्हतं. मुका टायपिस्ट म्हणाला, "पुन्हा उतरवायचे पैसे मिळणार का?" मी म्हटलं, तुम्हाला मिळतील, मला नाही.

राग मात्र जात नाही. काल सकाळपर्यंत तो बाईंवर होता, सोयीचा होता. आता त्याला राहायला जागा नाही, घरभर फिरतोय. त्या म्हाताऱ्या टायपिस्टावरही काढून पाहिला. पण त्याने अर्जाबद्दल सांगितलं होतं. अर्जाबद्दलच. जगातलं सगळं बोलणं हे साहेबापुढचा अर्ज आहे, हे मी माझं मी ठरवलं.

सूनबाईला म्हटलं, "तू तेव्हाच जोरात का नाही बोललीस?"

"बोलले होते, बाबा. तुम्ही पेडल दाबून पुढे गेलात."

कामाची वाटणी केली. मी शेवटापासून मागे येतोय, चाळीस, एकोणचाळीस, म्हणजे एकतीस माझ्याकडे राहील. एकेक थांबा कंसात घालतोय. नऊ सेकंद. हसतो. सहा सेकंद. दीर्घ श्वास. प्रत घाणेरडी दिसते. डोळा ओळीओळीला ठेचकाळतो. मावशी चष्मा पुसत म्हणाल्या, "ही तर दुसरीच माणसं निघाली हो."

१९ मार्च

एकतीस नंबरचं अजून काही कळलं नाही. सहायकाला तीन फोन केले. तिसऱ्याला तो म्हणाला, "भेट झालीय, काका. बाई स्वतः सांगतील." या वेळच्या 'काका'त थोडी सुधारणा होती.

जेवण गेलं नाही. हिने विचारलं, "काय होतंय?"

मी म्हटलं, "काही नाही."

ही पानावरून उठली नाही, दुसरा प्रश्नही विचारला नाही. नुसती बसून राहिली. शेवटी मीच बोललो, बरंच बोललो. अशी थांबून राहते तेव्हा माणसाला सांगावंच लागतं. बत्तीस वर्षांची सवय असणार.

२१ मार्च

सकाळी अकराला मोठ्या बाईंचा फोन.

एकतीस नंबर ठणठणीत आहे. आडवं पडलं की झोपते, मैत्रिणींनी तक्रार करण्याइतकी झोपते. ते अकरा सेकंद? मुलाखत चालू असताना खोलीचं दार आवाज न करता उघडून कुणीतरी खुणेने कपाटाची किल्ली मागितली. ती सगळे खिसे चाचपत बसली आणि किल्ली तिच्या हातातच होती. म्हणून हसली.

मी म्हटलं, "खात्री आहे?"

"किल्ली मागणारीनेही तेच सांगितलं."

माझ्या तोंडून "अरेरे" निघालं. चांगली बातमी ऐकून 'अरेरे' म्हणणारा मी पहिलाच असेन. मग म्हटलं, "म्हणजे मी उगाच सगळ्यांना कामाला लावलं."

"नाही," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज खाली आला होता. "पुन्हा ऐकताना दुसरा एक जण सापडला. परवा दुपारी त्याच्या खोलीवर गेलो. त्याने आपल्या वस्तू मित्रांत वाटायला सुरुवात केली होती. तो आता एकटा नाही. समुपदेशक आहेत, मोठी बहीण येऊन राहिलीय, डॉक्टरांनी पाहिलंय. वेळेत झालं. तुम्ही त्या दिवशी येऊन ओरडला नसतात तर आम्ही ऐकलं नसतं. त्याची सुधारलेली प्रत सगळ्यांत आधी हवी होती, डॉक्टरांना. आठ नंबर."

फोन ठेवला तेव्हा सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "मुलगी बरी आहे. दुसरा एक होता, तोही वाचला." मावशींनी हात जोडले. सूनबाईने नोंदवही काढली, आठ नंबरच्या ओळीवर बोट ठेवलं आणि वही माझ्याकडे फिरवली.

हेडफोन लावला. मुलगा आहे. आवाज बसका, सावकाश, शब्दांच्या शेवटी विझत जाणारा. चोविसाव्या मिनिटाला त्याला विचारलंय, "हे तू कुणाला सांगितलंस का?" एकोणीस सेकंद. कुणी दार उघडत नाही, कुणी किल्ली मागत नाही. त्यात दोनदा तो बोलायला तोंड उघडतो, ते ऐकू येतं. मग म्हणतो, "नाही."

जुन्या प्रतीत आहे : नाही. शुद्धलेखन बरोबर आहे.

कंसात एकोणीस लिहिलं. प्रत सूनबाईच्या हाती संस्थेत पाठवली.

आठ नंबर फेब्रुवारीत मी स्वतः उतरवला होता. चाळीस मिनिटांची मुलाखत, तीन तास माझ्या कानात होता. आज पूर्ण ऐकली, पुन्हा सुरुवातीपासून ऐकली. तो आवाज मला आठवला नाही.